दोन बॅरलांची रायफल

"अप्पा, गोळी डावीकडं जातीया," दानेश्वरी आडवी पडल्या पडल्याच म्हणाली. "आणि एका जागी बी पडंना."

गुरुलिंग दुर्बिणीला डोळा लावून उभे होते. पन्नास मीटरवरच्या कागदावर मोहरी सांडावी तशी दहा भोकं पसरली होती.

तीस वर्षं पोलिसांच्या बंदुका दुरुस्त करून ते निवृत्त झाले होते. आता सोलापूरबाहेरच्या या रायफल क्लबात तेच काम बघत. त्यांची मुलगी दानेश्वरी सिकंदराबादला रेल्वेत नोकरीला होती. तिच्या रायफलीला दोन बॅरल होत्या, एक सरावाची आणि एक स्पर्धेची. स्पर्धा जवळ आली की ती सोलापूरला यायची आणि गुरुलिंग बॅरल बदलून द्यायचे. वर्षातून तीन-चार वेळा. बायको काशम्मा गेल्यापासून घरात दोन ताटं मांडली जात ती तेवढ्याच दिवसांत.

या खेपेला आल्या आल्याच ती म्हणाली होती, "अप्पा, सारकी सारकी रजा न्हाय मिळत आता. मला शिकवा की हे."

"हाताचं काम हाय ते. शिकवून येत न्हाय," असं म्हणून त्यांनी दुरुस्तीच्या खोलीचं दार लोटून घेऊन एकट्यानंच बॅरल बदलली होती.

आता दानेश्वरी त्यांच्या तोंडाकडे बघत होती. "काडतुसं खराब असतील का?"

व्हय म्हणता आलं असतं. नवी मागवू, दोन दिवस राहा, म्हणता आलं असतं. तिची गाडी संध्याकाळची होती. शब्द ओठांपर्यंत आले, पण तिनं एवढ्या विश्वासानं विचारलं होतं की ते बाहेर पडेनात.

"न्हाय," ते म्हणाले. "माजंच चुकलं. एक स्क्रू आदीच पुरा आवळला मी. बॅरल एका अंगाला दाबली गेली. हात थरथरतोय अलीकडं."

आपल्या कामात चूक झाली असं त्यांनी तिच्या देखत कधी म्हटलं नव्हतं. दानेश्वरीनं रायफल रिकामी करून उचलली आणि त्यांच्यामागून खोलीत गेली.

गुरुलिंगनी तिच्या हातात पाना दिला.

"आदी बॅरल काढ आन् ती बसायची जागा पूस. तितं तेल न्हाय ऱ्हायला पायजे. आता आत सार. टेकली?"

"टेकली."

"कशावरनं?"

बॅरल बाहेर काढून तिनं पुन्हा सारली. "आवाज आला, अप्पा. बारीक."

"व्हय. त्यो आला म्हंजी टेकली. आता हा स्क्रू थोडा, मग त्यो थोडा. परत हा. पान्यानं कट् केलं की थांबायचं. दर खेपेला तेवढाच जोर. ज्यादा बी न्हाय, कमी बी न्हाय."

त्यांचा हात दोनदा पान्याकडे गेला. दोन्ही वेळा त्यांनी तो मागे घेतला.

"पयल्या दहा गोळ्यांवर जाऊ नको. बॅरल नीट बसू दे. मगच नेमाची साइट फिरव."

पुढच्या दहा गोळ्या तिनं नुसत्या बसवणुकीसाठी झाडल्या. मग साइट फिरवली. त्यानंतरच्या दहा गोळ्यांनी कागदाच्या मधोमध एकच भोक पाडलं, करंगळी जाईल एवढं. दानेश्वरी लहान पोरीसारखी ओरडली. गुरुलिंग बराच वेळ दुर्बिणीतून बघत राहिले.

स्टेशनवर ती म्हणाली, "तुमाला बी आता तरास न्हाय."

"व्हय की," ते म्हणाले.

डिसेंबरात फोन आला. "अप्पा, चौथी आले! बॅरल मीच बदलली. एक गोळी बी वाया न्हाय गेली."

"लई झ्याक," ते म्हणाले. मग घाईघाईनं विचारलं, "शेंगाची चटणी कुटलीया. धाडू का?"

"धाडा की!"

दुसऱ्या दिवशी ते पोस्टात गेले. खिडकीतल्या बाईंनी पार्सल वजनाला लावलं, पत्ता वाचला आणि वर बघितलं.

"आजोबा, पिनकोड राहिला."

गुरुलिंगनी खिसे चाचपले. इतक्या वर्षांत तो कधी लागलाच नव्हता.