एका पेल्यातली पुडी

राहीला जुलाब लागले आणि आमच्या चौलच्या घरात डॉक्टरच डॉक्टर झाले. पोर दीड वर्षाची, जीव तो केवढा, आणि सल्ले देणारी तोंडं किती. मी तिची आई, पण मला विचारतंय कोण? नवरा ट्रक घेऊन उरणला. सरकारी दवाखान्याच्या आशाताई सकाळी जुलाबावरच्या मीठ-साखरेच्या, ओआरएसच्या पुड्या देऊन गेल्या, पाण्यात कालवून पाजत राहा म्हणाल्या. ते काम सासूबाईंनी माझ्या हातातून काढून घेतलं. त्यांच्या, सगुणाबाईंच्या पुढे या घरात कुणाचं चालत नाही.

दुपारपर्यंत राही आणखीच किरकिरी झाली. ओठ सुकलेले, पाण्याच्या भांड्याकडे हात करून रडायची, आणि सकाळपासून लघवीचा थेंब नाही.

माझी नणंद रुचिता अकरावीला. केमिस्ट्रीत नापास झालेली, म्हणून तिथेच बसून द्रावणांचा धडा घोकत होती. उठली, राहीच्या पेल्यात बोट बुडवून चाटलं आणि तोंड वाकडं केलं.

"आई, आख्खी पुडी या एका पेल्यात घातलीस?"

"मग काय तर," सासूबाई म्हणाल्या. "एवढीशी पोर, ती काय हंडाभर पानी पिनार हाय? बघ, तळाला कण न्हाय. सगली विरघळली."

"विरघळली म्हणजे बरोबर झाली असं न्हाय गं. अजून एक पुडी घातलीस तरी विरघळेल. किती विरघळतं ते वेगळं, आणि किती पाण्यात किती हाय ते वेगळं. ही लिटरभर पाण्याची पुडी हाय."

"पन मी चमचा-चमचाच पाजलंय."

"चमच्यातलं पण पेल्यातल्याइतकंच खारट, आई. थोडं दिलं म्हणून ते सौम्य होत न्हाय. इतकं खारट पाणी पोराला उलट सुकवतं."

माझं डोकं फिरलं. "पोर मारायला बसलात काय," असं मी सासूला तोंडावर बोलले.  त्या हळूच म्हणाल्या, "उरलंय त्यात पानी घालू?"

"त्यात किती पुडी उरलीय ते कुठं ठाऊक हाय आपल्याला," रुचिता म्हणाली. तिनं ते मोरीत ओतलं, उकळून गार केलेलं पाणी लिटरच्या बाटलीनं मोजून घेतलं आणि नवी पुडी फोडली.

मी अलिबागच्या डॉक्टरांना फोन लावून झालेलं सगळं सांगितलं. ते म्हणाले, पीत असेल तर हेच चमच्यानं पाजत राहा, पण तासाभरात लघवी झाली नाही तर थांबू नका, सरळ घेऊन या. मी रिक्षा बोलावून दारात उभी केली.

सासूबाईंनी राहीला मांडीवर घेतलं. मी चमचा धरला. एक चमचा, मग जरा थांबायचं, मग दुसरा. राही चुटूचुटू पीत होती, आणि माझी नजर घड्याळावरून हटत नव्हती. रिक्षावाला दोनदा डोकावून गेला.

आणि राहीनं धार सोडली. सासूबाईंच्या मांडीवर, धुवट लुगड्यावर, थेट जमिनीपर्यंत.

मी, मघाशी नाही नाही ते बोललेली, सासूबाईंच्या खांद्यावर डोकं टाकून हमसून हमसून रडायला लागले. त्यांच्याही डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण त्या जागच्या हलल्या नाहीत.

"हलवू नको गं मला," त्या म्हणाल्या. "अजून करते हाय ती."