हर्बर्टला काय येतं?

टटलसरांनी तो अख्खा मार्च महिना लोरेनला चुकवण्यात घालवला.

लोरेन गावच्या कचेरीतली चिटणीस. जन्म, मृत्यू, जमिनी, मतदारयाद्या आणि कुत्री, सगळं तिच्याकडे. एप्रिल लागायच्या आत गावातल्या प्रत्येक कुत्र्याचा परवाना निघाला पाहिजे आणि गळ्यात बिल्ला लटकला पाहिजे, हा तिचा हट्ट. ज्यांचं राहिलंय त्यांना ती पत्रंबित्रं पाठवत बसायची नाही. दिसतील तिथे पकडायची.

पोस्टात तिला पाहताच सर वाढदिवसाच्या शुभेच्छापत्रांकडे तोंड करून उभे राहिले. सहा फूट उंचीचा, पिवळ्या रबरी बुटातला माणूस शुभेच्छापत्रांमागे कितीसा लपणार? त्यातून हर्बर्ट लोरेनकडे बघून शेपटी हलवत होता.

"सर, हर्बर्ट दिसतोय मला," लोरेन म्हणाली. "आणि त्याच्या दोरीच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे तेही कळतंय."

"येतो गं. उद्याच येतो."

"मागच्या आठवड्यातही उद्याच येणार होतात."

आखूड पाय, जमिनीला टेकणारे कान आणि सतत कुणीतरी आपल्यावर अन्याय केलाय असा चेहरा, असा हर्बर्ट. सरांनी या गावात उभा जन्म भूगोल शिकवला होता. लोरेन त्यांची विद्यार्थिनी. निवृत्त लोकांसाठी जुन्या लोकरगिरणीत ज्या सदनिका काढल्या होत्या, तिथली व्यवस्थापक विनी हीसुद्धा त्यांचीच विद्यार्थिनी. दोघी एका बाकावर बसायच्या. सरांना भीती वाटत होती ती नेमकी या बाकाची.

कारण असं, की गिरणीत पाळीव प्राणी ठेवायला बंदी होती. हर्बर्ट तिथे राहत होता तो डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. बायको, ईडिथ, गेल्यानंतर सरांचं जे काही झालं होतं, ते पाहून डॉक्टरांनी लिहून दिलं होतं, की हा कुत्रा पाळीव नसून रुग्णाच्या मनाला आधार आहे. विनीने चिठ्ठी वाचली, फायलीत लावली आणि विषय संपला. निदान सरांची तशी समजूत होती. मग शेजारच्या हॅटीने त्यात लक्ष घातलं.

हॅटी बॅस्कमला जगातल्या प्रत्येक गोष्टीबद्दल थोडं थोडं माहीत होतं, आणि उरलेलं ती जागच्या जागी तयार करायची.

"एल्वुड, परवाना काढलास की संपलास तू," ती सरांना म्हणाली.

"का बुवा?"

"अरे, परवाना कशाचा? पाळीव कुत्र्याचा ना? म्हणजे तूच स्वतःच्या सहीने लिहून दिलंस, की हा पाळीव आहे. मग डॉक्टरची चिठ्ठी घाल शेगडीत. विनी तो कागद तुझ्या नाकासमोर धरेल आणि म्हणेल, सर, कुत्र्याला बाहेर काढा, नाहीतर दोघंही निघा."

सरांना हे पटलं. पटायला नको होतं, पण भिणाऱ्या माणसाला वाईट बातमी नेहमीच तर्कशुद्ध वाटते. ते ग्रंथालयात गेले, कुत्र्यांच्या इतिहासावरची दोन जाड पुस्तकं वाचून आले. लांडगा माणसाच्या शेकोटीजवळ कसा आला ते कळलं. परवान्याचं काही कळलं नाही. कचेरीत विचारायचं म्हणजे लोरेनला विचारायचं, आणि लोरेनला कळलं की विनीला कळलंच.

"यावर उपाय आहे," हॅटी म्हणाली. "मदतनीस कुत्रा! आंधळ्या माणसांबरोबर असतो ना, तसला. त्याला कोण पाळीव म्हणतंय?"

"पण मी आंधळा नाही, हॅटी."

"मग दुसरं काहीतरी हो!"

आणि तिने संगणकावरून एक लाल जाकीट मागवलं. त्यावर मोठ्या पांढऱ्या अक्षरांत होतं: 'कामावर आहे. हात लावू नका.' हर्बर्टने ते घालून घेतलं, कारण त्या वेळी त्याच्या तोंडात चीज होतं.

जाकीट घालून पहिल्यांदा बाहेर पडायला सरांना निमित्त मिळालं ते अग्निशमन केंद्रातल्या जेवणाचं. मेपलच्या झाडांचा रस आटवून पाक काढायचे दिवस, त्यामुळे सगळा गाव तिथे. पत्र्याच्या थाळ्यांत बर्फ, बर्फावर ओतलेला कढत पाक, सोबत डोनट आणि तोंडाला चव यावी म्हणून आंबट काकडी. बर्फावरचा पाक चिवट होतो आणि दातांना असा धरतो, की माणूस थोडा वेळ मुकाच होतो. सरांनी नुकताच एक मोठा घास घेतला होता, तेवढ्यात विनी समोर येऊन बसली.

"अरे वा, हर्बर्ट नोकरीला लागला! सर, काय काम करतो हा?"

सरांनी तोंड उघडायचा प्रयत्न केला. उघडलं नाही.

"माणसाला चक्कर येणार असली ना, की याला आधी कळतं," हॅटीने उत्तर दिलं. "जाऊन समोर बसतो, आणि टक लावून बघतो."

सर मान हलवून 'नाही, नाही' म्हणत होते. लोकांना वाटलं, पाक दाताखाली अडकलाय.

हर्बर्ट उठला, टेबलाला वळसा घालून गेला आणि विनीसमोर बसला. टक लावून तिच्याकडे बघू लागला.

सगळ्या केंद्राच्या माना वळल्या. मग खुर्च्या सरकल्या. दलातल्या मंडळींचं प्रथमोपचाराचं शिक्षण त्याच महिन्यात झालं होतं आणि अजून एकही रुग्ण हाती लागला नव्हता. त्यांनी विनीला उचललं, टेबलावर आडवी केली आणि तिचे पाय काकडीच्या पिंपावर ठेवले.

"अरे, मला काही झालेलं नाही! सोडा मला!"

"चक्कर यायच्या आधी सगळे असंच म्हणतात," हॅटी म्हणाली.

"वारा लागू द्या तिला! कॉलर सैल करा!"

"माझ्या कॉलरला हात लावलास तर बघ, ड्वाइट!"

त्या गडबडीत हर्बर्टने पुढचे दोन पाय टेबलावर टेकवले, विनीच्या कोटाच्या खिशात नाक खुपसलं, कागदात गुंडाळून घरी न्यायला ठेवलेलं डोनट बाहेर ओढलं आणि कागदासकट खाल्लं. सगळ्या गावाने पाहिलं. पहिल्यांदा पाद्री हसले, त्यामुळे बाकीच्यांना हसायला मोकळीक मिळाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी विनी सरांच्या दारात उभी. चेहरा इस्त्री केल्यासारखा.

"सर, त्या जाकिटाबद्दल मी काही बोलत नाही. पण हर्बर्टच्या गळ्यात बिल्ला नाही. इमारतीतला कुत्रा कसलाही असो, गावाचा नियम त्याला लागू आहे. उद्यापर्यंत बिल्ला आणा. नाहीतर त्याला इथे ठेवता येणार नाही."

"आणि बिल्ला आणला तर?"

"तर आणला!"

सरांना यात सापळाच दिसला. बिल्ला नसला तर कुत्रा जाणार, असला तर 'पाळीव' ठरून जाणार. आता एकच वाट उरली होती. कचेरीत परवान्याच्या कागदावर मदतनीस कुत्र्यासाठी एक वेगळा चौकोन असतो, असं हॅटी म्हणाली होती, आणि तेवढं मात्र खरं होतं. त्या चौकोनात खूण झाली की सुटलो. त्यांनी लगेच टाय बांधला, हर्बर्टला जाकीट घातलं आणि गुडघाभर चिखलाच्या रस्त्याने कचेरी गाठली.

आत बाकावर विनी बसलेली. हातात विणकाम.

"तू इथे कशी?"

"तमाशा बघायला आलेय, सर. काल माझा झाला होता."

सरांनी लोरेनपुढे रेबीजच्या लसीचा दाखला ठेवला आणि खालच्या आवाजात म्हणाले, "मदतनीस कुत्रा. त्या चौकोनात खूण कर."

"करते. त्याची फीही लागत नाही," लोरेन म्हणाली. तिने पेन उचललं आणि खाली ठेवलं. "फक्त दोन प्रश्न विचारते, सर. तेवढेच विचारता येतात. तुम्हाला जो त्रास आहे, त्यासाठी हा कुत्रा लागतो का?"

"लागतो." हे उत्तर पटकन आलं, आणि खरं होतं.

"आणि त्याला काय काम शिकवलंय?"

सरांनी टाय सैल केला. वर्गात न शिकलेलं ठोकून देणाऱ्या पोरांना ते उभं ठेवायचे, आणि उत्तर येत नसेल तर 'येत नाही' म्हणा, त्यालाही मी अर्धा गुण देईन, असं सांगायचे. समोर त्यांच्या दोन विद्यार्थिनी होत्या. मागून विणकामाच्या सुयांचा आवाज येत होता. मग तो थांबला.

"चक्कर..." सर म्हणाले, आणि पुढे गाडी जाईना.

"सर, काल रात्री तो माझ्यासमोरही येऊन बसला होता," लोरेन हळूच म्हणाली. "माझ्याकडेही डोनट होतं."

सरांनी टोपी काढली.

"काही येत नाही त्याला, लोरेन. काहीही नाही. 'बस' म्हटलं की उभा राहतो. 'ये' म्हटलं की जातो. ईडिथ गेल्यावर मी पलंगातून उठणं सोडलं होतं. दिवस उजाडला काय, मावळला काय. मग हा आला. सकाळी माझ्या उशीपाशी येऊन रडतो, कारण याला बाहेर जायचं असतं. मग मला उठावं लागतं. बूट घालावे लागतात. बाहेर गेलं की कुणी भेटतं, बोलावं लागतं. एवढंच. पण हे मी त्याला शिकवलेलं नाही. हे शिक्षण नाही, ते त्याचं मूत्राशय आहे."

कुणी हसलं नाही. हर्बर्टने जांभई दिली.

"मग तो मदतनीस नाही, सर," लोरेन म्हणाली. "आधाराचा आहे. साधा परवाना लागेल." आणि तिने चौकोन मोकळा ठेवून पुढे लिहायला घेतलं.

"थांब! लिहू नकोस! त्यावर तो पाळीव ठरतो, आणि मग ही..." त्यांनी मागे बोट दाखवलं. "ही आम्हाला बाहेर काढेल."

"मी?" विनी उठून उभी राहिली. "कोण म्हणालं?"

सरांनी नाव सांगितलं नाही. दोघींनी एकदमच म्हटलं, "हॅटी!"

लोरेनने कागद फिरवून त्यांच्यापुढे केला. "वाचा, सर. कुठे लिहिलंय पाळीव?"

सरांनी चष्मा लावून वाचलं. मालकाचं नाव. कुत्र्याचं नाव. रंग. नर की मादी. लस कधी दिली. उलटून पाहिलं. मागची बाजू कोरी होती.

"हरवला तर कुणाचा ते कळावं आणि चावला तर लस दिली होती का ते कळावं, एवढ्यासाठी आहे हे," लोरेन म्हणाली. "मनाचा आधार आहे की कशाचा, ते गाव विचारत नाही."

"आणि ते मी विचारते," विनी म्हणाली. "माझं उत्तर डॉक्टरांच्या चिठ्ठीत आहे, ती फायलीत आहे. बिल्ला रस्त्यासाठी, चिठ्ठी घरासाठी. राहील तो." मग तिचा चेहरा हळूहळू उजळला. किती वर्षं या क्षणाची वाट पाहत होती कोण जाणे. "सर, प्रश्न न वाचताच उत्तर लिहिलंत की हो तुम्ही!"

"लिहिलं खरं," सर म्हणाले. कान लाल झाले होते, पण टोपी परत डोक्यावर चढली होती. "वर शेजारणीचं बघून लिहिलं."

"म्हणजे कॉपीसुद्धा!" लोरेन म्हणाली.

त्यांनी फी भरली, सही केली. हर्बर्टच्या अंगातलं जाकीट स्वतःच्या हाताने सोडवलं आणि गळपट्ट्यात बिल्ला अडकवला. हर्बर्टने मान हलवून तो वाजवून पाहिला. मग मोकळं झालेलं अंग झटकलं, लोरेनच्या टेबलापाशी गेला, टेबलाचा पाय नीट हुंगला आणि आपला पाय वर केला.

सर जागच्या जागी खिळून उभे. विनी घाईघाईने विणकाम पिशवीत भरू लागली. ही जागा तिच्या अखत्यारीत येत नव्हती, आणि याचा तिला अतोनात आनंद झालेला दिसत होता.

"सर," लोरेन खाली वाकून बघत म्हणाली, "हे शिकवलंय, की आपोआप?"

"आपोआप," टटलसर म्हणाले आणि फडकं शोधू लागले.