मेंदीवर पडलेला करपा

“सांग बरं, याच्यावर कोणता रोग पडला?”

हा प्रश्न विचारून दाखव, अशी मैत्रिणींनी प्रेरणाशी पैज लावली होती. तिनं मला त्यांच्यातल्याच गझालाच्या तळहातासमोर धरलं. हातावर बहिणीच्या लग्नातली मेंदी होती, विटून नुसते तपकिरी ठिपके उरलेली. मी फोटो काढला. माझ्यातल्या पिकांच्या ॲपनं लगेच उत्तर दिलं, ‘कपाशीवर करपा. खात्री ९६ टक्के. आजच फवारणी करा.’

“माय वं,” गझाला हात मागे घेत म्हणाली, “आता माह्यावर पंप मारता काय?”

सगळ्या हसल्या. प्रेरणा मात्र हसता हसता थांबली. सकाळीच तिच्या बाबांना शेतातल्या कपाशीसाठी नेमकं हेच उत्तर मिळालं होतं.

मित्रांनो, मी एक जुना मोबाईल आहे, राळेगावजवळच्या एका शेतकऱ्याच्या खिशातला. नवा होतो तेव्हा प्रेरणाची आई मला पदरानं पुसायची. लग्नाचे फोटो, कापसाचे भाव, शाळेचे निरोप, सगळं मी पोचवलं. मग एकदा धुऱ्यावर, शेताच्या बांधावर पडलो आणि कॅमेऱ्याच्या काचेवर चरा गेला. तेव्हापासून मला जग धुरकट दिसतं. बॅटरी दुपारीच मान टाकते. पुसायचं आता कोणाला सुचत नाही.

अशात हे ॲप आलं. आत येताना त्यानं फोटो मागितले, सगळ्यांचे नंबर मागितले, ठावठिकाणा मागितला. बाबांनी न वाचता सगळीकडे ‘हो’ दाबलं. मला मात्र त्यानं एकदाही विचारलं नाही, की बाबा रे, तुला नीट दिसतं का. समोर येईल त्याला रोगाचं नाव द्यायचं आणि वर टक्के सांगायचे. ‘मला कळत नाही’ एवढं वाक्य त्याला कोणी शिकवलंच नव्हतं. बोलायचं ॲप, आणि लोक म्हणायचे, मोबाईलनं सांगितलं. या ओझ्यानं मी जास्त थकलो.

प्रेरणा मला मुठीत धरून घरी पळाली. ओट्यावर बाबा औषधाच्या बाटलीचं बूच काढत होते. मागच्या फवारणीत भोवळ येऊन ते दोन दिवस दवाखान्यात पडून होते. तिनं मेंदीचा फोटो आणि त्याखालचं उत्तर त्यांच्यापुढे धरलं.

“शहाण्णव टक्के म्हणते ते,” बाबा म्हणाले. “तुले गणितात तरी पडले काय तेवढे?”

“नाही पडले. पण जे आलं नाही ते मी पेपरात कोरं सोडलं.”

आईनं बाटली उचलून वरच्या फळीवर ठेवली.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना जरूर विचारा. पण आमच्या उत्तरालाही एक प्रश्न विचारत जा. आम्हाला स्वतःहून थांबता येत नाही.

प्रेरणानं ओढणीच्या टोकानं माझी काच पुसली. चरा काही गेला नाही.

“उद्या एक झाड उपटून मी कृषी सहायकाले दाखवीन,” ती आईबाबांना म्हणाली. “तोवर फवारणी बंद. अन् आजपासून घरात एक नियम. या ॲपले दर वेळी आधी गझालाचा हात दाखवायचा. ‘मले समजत नाही’ म्हणलं, तरच पुढचं ऐकायचं.”