गावकीचा ठराव

संचिता मढवी ठाण्याच्या एका कॉलेजात समाजशास्त्रात एम.ए. करत होती. दुसऱ्या वर्षाच्या लघुप्रबंधासाठी तिने धवल्याचा विषय घेतला. धवले म्हणजे आगरी लग्नात हळदीपासून वरात निघेपर्यंत म्हणायची गाणी, आणि ती म्हणत लग्नाचे विधी पार पाडणारी बाई ती धवलारीण. एकेकाळी तिच्याशिवाय लग्नाचं पान हलत नसे. आता शीळफाट्याच्या आत असलेल्या पिंपळखारमध्ये, म्हणजे संचिताच्याच गावात, धवला कुठे ऐकू येत नव्हता. हळदीला डीजे लागायचा आणि घराच्या काचा थरथरायच्या. हे असं का झालं, एवढाच तिचा प्रश्न होता.

तिचे मार्गदर्शक साकेत सर वयाने फार मोठे नव्हते, पण शिस्तीचे होते.

"आधी संदर्भ गोळा कर," ते म्हणाले. "यावर कोणी काय लिहून ठेवलंय ते वाच. मग गावात जा."

"सर, मी राहतेच गावात."

"मग तर आधी वाचच."

संचिता घरी येऊन लॅपटॉप उघडून बसली. मराठीत शोधलं की लग्नाच्या व्हिडिओंचा ढीग पुढे यायचा. इंग्रजीत त्या एका शब्दाची कोण जाणे किती स्पेलिंगं; एकाने शोधावं तर दुसरंच काहीतरी निघायचं. आठवडाभर डोळे शिणवून हाती काही लागेना, तेव्हा ती कॉलेजच्या ग्रंथपाल मधु देवधर यांच्याकडे गेली. मधु मॅडम पन्नाशी ओलांडलेल्या, हळू बोलणाऱ्या. कुणी मदत मागितली की आधी स्वतःची खुर्ची सरकवून शेजारी जागा करायच्या.

"तू तुमच्या घरातला शब्द टाकतेयस," स्क्रीन बघून त्या म्हणाल्या. "लिहिणारा माणूस बाहेरून आलेला असणार. तो याला काय म्हणेल, विचार कर. विवाहविधी म्हणेल. स्त्रियांचं पौरोहित्य म्हणेल. ठाणे जिल्हा, लोकगीतं. ते शब्द टाकून बघ. आणि नुसतं गूगल नको, शोधगंगा उघड, तिथे पूर्ण प्रबंध मिळतात."

आणि खरंच, बंद दार किलकिलं व्हावं तसं झालं. एक प्रबंध निघाला, त्याच्या संदर्भसूचीतून दोन लेख, त्या लेखांतून आणखी काही. आणि त्यातल्या एका लेखात संचिताला आपल्या गावाचं नाव दिसलं. पिंपळखार. ती खुर्चीतच सरळ झाली. वाक्य असं होतं : 'पिंपळखारसारख्या गावांत गावकीने ठराव करून धवल्याची प्रथा बंद केली.' गावकी म्हणजे गावातल्या जाणत्या पुरुषांची बैठक. तिचा शब्द पूर्वी कोणी मोडत नसे. पुढच्या लेखात तेच वाक्य थोडं फिरवून होतं. एका इंग्रजी लेखात तर पिंपळखारचं बोट धरून अख्ख्या किनारपट्टीतल्या गावकऱ्यांनी ही प्रथा मोडीत काढली, असा निष्कर्ष होता. तिने गंमत म्हणून मोबाईलमधल्या एआयला विचारलं. त्यानेही आत्मविश्वासाने तेच ऐकवलं.

संचिताला वाटलं, झालं आपलं काम. प्रश्नाचं उत्तर छापील मिळालं, तेही अनेक ठिकाणी.

त्या संध्याकाळी तिने जेवताना ते वडिलांना वाचून दाखवलं. पंढरी मढवींचं शीळफाट्याला बांधकामाच्या सामानाचं दुकान होतं आणि तरुणपणापासून ते गावकीच्या बैठकीला बसत आले होते.

"कसला ठराव?" भाकरी मोडता मोडता ते थांबले. "गावकीनं असा काय ठराव केलेला नाही. मी असायचो ना प्रत्येक बैठकीला."

"पप्पा, छापून आलंय. एकात नाही, सगळ्यांत."

"येऊ दे छापून. दारूबंदीचा केलेला, हळदीचा खर्च कमी करायचा केलेला. धवल्याचा नाही."

"मग धवला बंद का झाला?"

पंढरींनी ताटातली आमटी भाकरीला लावली, आणि ते म्हणाले, "झाला हळूहळू. बॅन्जो आला, मग डीजे आला." आणि पुढे त्यांनी विषय दुकानाकडे वळवला.

संचिताला चैन पडेना. एका बाजूला एवढी विद्वान माणसं आणि दुसऱ्या बाजूला तिचे पप्पा. दुसऱ्या दिवशी तिने मधु मॅडमना हे सांगितलं, तेव्हा त्या हसल्या नाहीत की पप्पांनाही त्यांनी खोटं ठरवलं नाही. त्यांनी फक्त प्रत्येक लेखाची शेवटची पानं काढायला लावली.

"हे वाक्य कोणाकडून घेतलं, ते बघ."

शेवटचा लेख त्याच्या आधीच्यावर टेकला होता, तो त्याच्या आधीच्यावर. सगळ्यांचं टोक एकाच ठिकाणी जाऊन थांबलं : डॉ. उत्तरा कारखानीस, एका बंद पडलेल्या मराठी त्रैमासिकाचा २००१ सालचा अंक.

"म्हणजे हे साक्षीदार अनेक नाहीत," मधु मॅडम म्हणाल्या. "एकच आहे. बाकीच्यांनी तिचं ऐकलंय."

"मग तो लेख ऑनलाइन का नाहीये?"

"सगळंच कोणी स्कॅन करून ठेवलेलं नसतं गं. आणि हातात यायला त्रास पडतो, म्हणूनच कोणी उघडून बघितला नसेल."

त्यांनी चार ठिकाणी फोन फिरवले. कल्याणच्या एका जुन्या वाचनालयात त्या त्रैमासिकाचे बांधीव खंड असल्याचं कळलं. संचिता तिथे गेली. तिथल्या बाईंनी माळ्यावरून खंड काढून, फडक्याने पुसून तिच्यासमोर ठेवला. लेख छोटासाच होता. ती भराभर नजर फिरवत त्या वाक्यापाशी पोचली आणि थबकली. तिथे लिहिलं होतं : 'पिंपळखारमध्ये गावकीने ठराव करून ही प्रथा बंद केली, असे तेथील एका ज्येष्ठ महिलेने सांगितले.'

असे सांगितले. पुढच्या लेखकांनी हे दोन शब्द आणि ती ज्येष्ठ महिला एवढंच वाटेत गाळलं होतं.

उत्तरा कारखानीस टेंभी नाक्याजवळ राहत होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली असली तरी मधु मॅडमकडे त्यांचा नंबर होता. संचिता गेली तेव्हा दार त्यांनीच उघडलं. संचिताने पिंपळखारचं नाव काढताच त्यांचा चेहरा खुलला.

"मला आठवतंय ना! तेव्हा फाट्यापासून चालत जावं लागायचं. एका बाईंनी घरात बसवून घेतलं, तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली. उत्तम धवलारीण म्हणून त्यांचं नाव मला आसपासच्या गावांतून कळलं होतं. मी म्हटलं, एखादा धवला म्हणून दाखवा. तर त्या म्हणाल्या, आता नाही म्हणत, गावकीनं ठराव करून बंद केलाय."

"त्यांचं नाव आठवतं, मॅडम?"

"शेवंती. आडनाव नाही आठवत. तेव्हा आम्ही नावं छापत नसू, माहिती देणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून." मग चष्मा काढून त्यांनी विचारलं, "का गं? चुकीचं आहे का ते?"

"माहीत नाही, मॅडम," संचिता म्हणाली. पण शेवंती हे नाव तिच्या घरातलंच होतं. शेवंती ही तिच्या आजोबांची बहीण, पप्पांची सख्खी आत्या. अख्खं गाव तिला शेवंती आत्याच म्हणायचं. नवरा वारल्यावर ती माहेरी परत आली होती आणि संचिताच्या घरापासून दोन आळ्या पलीकडे एकटी राहत होती. आत्या पूर्वी गायची, हे संचिताला ऐकून माहीत होतं. पण अभ्यास म्हणजे पुस्तकं, लेख, लायब्ररी, असं तिच्या डोक्यात इतकं पक्कं बसलेलं की आत्याकडे जायचं ती शेवटच्या महिन्यावर टाकून बसली होती.

रविवारी सकाळी ती गेली. आत्या ओटीवर वाल सोलत बसली होती. संचिताही तिच्यासमोर बसून वाल सोलू लागली. थोड्या वेळाने तिने मोबाईलवर घेतलेला त्या पानाचा फोटो उघडला आणि मोठ्याने वाचला. उत्तरा मॅडमची आठवणही सांगितली.

"आली व्हती खरी एक बाय," आत्या म्हणाली. "चष्मेवाली. गोड बोलाची."

"आत्या, तुझं ते बोलणं पुण्याला छापलं. मग दिल्लीत छापलं. इंग्रजीत पण आहे. परदेशातल्या लोकांनी वाचलंय."

आत्याचे हात थांबले. "माजी थाप परदेशान गेली?" ती म्हणाली, आणि तोंडाला पदर लावून हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. संचितालाही हसू आलं. हसणं ओसरलं तेव्हा आत्याने डोळे पुसले आणि पुन्हा वाल हातात घेतले.

"थाप होती?" संचिताने हळूच विचारलं.

"ठराव नाय न् काय नाय. कोनी बंद नाय केला गो, पोरी. कोनी बोलवलाच नाय."

"कधीपासून?"

सांगावं की नाही, हे आत्या मनात तोलत होती. मग म्हणाली, "तुज्या बापाचे लग्नापासना."

तिने सांगितलं ते असं. भाच्याचं लग्न म्हणून ती नवं लुगडं नेसून हळदीला मांडवात जाऊन बसली होती. बोलावणं लागत नव्हतं. घरचीच होती, आणि धवलारीणही होती. पण डोंबिवलीवरून बॅन्जोपार्टी आली होती. पोरं नाचायला लागली. आत्या वाट बघत बसली की आता वाजवणं थांबेल, आता कोणी म्हणेल, आत्या, सुरू कर. कोणी तिला उठही म्हटलं नाही आणि गा असंही म्हटलं नाही. नवऱ्याला हळद लागली, आंघोळ झाली, सगळं उरकलं. मग ती उठून घरी आली. त्यानंतर दुसऱ्या घरचं लग्न आलं. तिथे लोक म्हणाले, सख्ख्या भाच्याकडे धवला नव्हता, मग आपल्याकडे कशाला?

"मग त्या बाईंना खरं का नाही सांगितलंस?"

"घरातली गोष्ट परक्या बायला सांगू? माज्याच भावाचे घराची? गावकीवर ढकलला, म्हंजे कोनाचा नाव नको." वालाची सालं तिने सुपात सारली. "आनि खरा सांगू? गावानं बंद केला म्हटला तं मान र्‍हातो. कोनी इचारला नाय म्हटला तं काय र्‍हातो?"

एवढ्या लेखांमध्ये 'सामाजिक सुधारणा', 'पुरुषसत्ताक नियंत्रण' असे जड जड शब्द संचिताने वाचले होते, आणि मुळाशी मांडवाच्या कडेला नवं लुगडं नेसून बसलेली एक बाई होती.

"मी हे लिहू, आत्या? तुझं नाव नाही घालणार."

"नाव का नाय घालायचा?" आत्या एकदम फणकारली. "पयल्या बायनं पन नाय घातला. ज्येष्ठ का काय म्हंते, ती कोन? माजा नाव घाल. तुज्या बापाला इचार तेवरा."

वडिलांना विचारणं संचिताला जड गेलं. दोन दिवस तिने टाळलं. शेवटी दुकान बंद करायच्या वेळी ती फाट्यावर गेली आणि शटर खाली आल्यावर उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. पंढरींनी कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली.

"दिसलेली मला," ते म्हणाले. "पाटावर बसलेलो ना मी. समोरच होती. मला वाटलं, कोणीतरी जाऊन बोलेल तिच्याशी. बाबा बोलतील, काकी बोलेल. नवरदेवानं कसं उठायचं?" कुलूप एकदा ओढून बघत ते म्हणाले, "नंतर मला वाटायचं, ती रागावली असेल, म्हणून गात नाही. मीच कधी विचारलं नाही."

"पप्पा, लिहू?"

"लिही. पण आपल्या घराचं नाव कशाला?"

हा पेच ती साकेत सरांकडे घेऊन गेली. सरांनी संमतीपत्राचे नियम काढून समोर ठेवले : नाव घालायचं असेल तर त्या व्यक्तीची लेखी परवानगी हवी, आणि दुसऱ्याची ओळख त्याच्या इच्छेविरुद्ध उघड करता येणार नाही. आत्याने अंगठा न देता वाकड्या अक्षरांत, माहेरच्या नावाने सही केली. संचिताने परिच्छेद लिहिला. शेवंती बामा मढवी, धवलारीण, पिंपळखार. त्यांनी एका जवळच्या नातेवाइकाच्या लग्नात काय अनुभवलं, आणि पंचवीसेक वर्षांपूर्वी एका अभ्यासक बाईंना वेगळं उत्तर का दिलं. उत्तरा मॅडमचं मूळ वाक्य तिने पूर्ण उतरवलं, 'असे सांगितले'सकट. त्यांनाही पानं पाठवली. त्यांचा फोन आला, बराच वेळ त्या आत्याची चौकशी करत राहिल्या आणि शेवटी म्हणाल्या, "मी परत एकदा जायला हवं होतं गं. तू जात राहा."

छापायला देण्याआधी संचिताने ती पानं पंढरींच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचली, ओठ हलवत.

"जवळचा नातेवाईक कशाला लिहिलंस?" ते म्हणाले. "भाचा लिही. उगाच कोणाला शोधायला लावू नकोस."

प्रबंध सादर झाला, बरे गुण पडले. मधु मॅडमनी त्याची एक प्रत ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर चढवली. जुने लेख अजून तसेच आहेत, आणि त्यांतलं ते वाक्य कोणीतरी उद्याही उचलेल. पण आता निदान एका ठिकाणी वेगळं लिहिलेलं सापडतं.

संचिता अजूनही रविवारी आत्याकडे जाते. मोबाईल ओटीवर ठेवते आणि आत्या गाते. आवाज पूर्वीसारखा राहिलेला नाही, मधेच दम लागतो. परवा हळदीचा एक धवला गाताना ती अडली. पुढची ओळ काही केल्या येईना. तिने डोळे मिटले, पहिल्यापासून म्हणून बघितलं, पुन्हा तिथेच थांबली.

"पंढरीला आठवत असंल," ती म्हणाली. "ल्हान व्हता तवा माजे मांडीवर बसून आयकाचा. पुरल्या रविवारी त्याला पन घेऊन ये."