वाघाच्या जेवणाचा खर्च

आमच्या जैन घरात कांदासुद्धा येत नाही, आणि मी निघाले होते वाघाच्या जेवणाचा हिशेब मांडायला. सासरे, धनपाल अण्णा, यावर पोट धरून हसले. पण मी कोल्हापुरात अर्थशास्त्र शिकवते, आणि विदर्भातले वाघ चांदोलीच्या जंगलात आणून सोडल्यापासून एक प्रश्न मला स्वस्थ बसू देत नव्हता. पर्यटक येतील, रानडुकरं कमी होतील, ऊस वाचेल, सगळं मान्य. पण या पाहुण्याचं जेवण नेमकं कुणाच्या पदरातून जातं?

उत्तर जंगलाच्या कडेला असलेल्या एका वाडीत मिळालं. तिथल्या तानाबाईंची दुभती म्हैस आदल्या संध्याकाळी वाघानं बांधाजवळ मारली होती. सकाळी वनरक्षक पृथ्वीराज पंचनाम्याला आला, त्याच्यासोबत मीही होते, तर म्हैस कुठं दिसेना. ती पडली तिथंच खड्डा काढून, अंगावर नवा खण घालून तानाबाईंनी तिला पुरलं होतं. घरच्या दुभत्या जनावराला त्या वाडीत अशीच माती देतात.

पृथ्वीराजनं कपाळाला हात लावला. जनावर दिसल्याशिवाय भरपाई मिळत नाही. शिवाय वाघ आपल्या शिकारीवर परत येतो, आणि ती सापडली नाही की दुसरी शोधतो. तानाबाईंच्या गोठ्यात आता एकच जनावर उरलं होतं, मेलेल्या म्हशीची लेक, गाभण वगार.

मला तर गणित अगदी सरळ वाटलं. मी त्यांना समजावलं, एक गेलीच आहे, तीच त्याला खाऊ द्या, म्हणजे दुसरी वाचेल.

तानाबाई माझ्याकडं वळल्या. "मॅडम, हिच्या दुधावर माझी पोरगी नर्स झाली. हिला उकरून त्याच्या म्होरं वाढू व्हय?"

मला माझाच राग आला. म्हशीचा बाजारभाव मला तोंडपाठ होता, पण पोरीचं शिक्षण मी त्यात धरलंच नव्हतं.

गोठ्यात वगार ओरडली. तानाबाईंनी तिकडं वळून पाहिलं. मग उठल्या, खोरं घेतलं आणि स्वतःच माती ओढू लागल्या. आम्हीही हात लावला.

म्हशीचं डोकं उघडं पडलं. कपाळभर कुंकू लावलेलं होतं. फोटो नीट यावा म्हणून पृथ्वीराज फडक्यानं माती पुसत पुसत कपाळापर्यंत आला, तसं तानाबाईंनी त्याचं मनगट धरलं.

"ते ऱ्हाऊ दे. कुणाच्या घरचं खातोय, ते कळू दे की त्याला."