रेग्यांचा स्टीलहेड

गुरुदत्त रेगे मूळचे वेंगुर्ल्याचे. पहिल्यांदा भेटणाऱ्या माणसालाही हे हात मिळवून होण्याच्या आत कळत असे. रेडमंडच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत ते सीनियर इंजिनियर होते आणि अमेरिकनांना मासे कळत नाहीत असं त्यांचं ठाम मत होतं. "सामन म्हणजे काय, आपल्या रावसाचा गोरा चुलतभाऊ," असं ते महाराष्ट्र मंडळाच्या पिकनिकला सांगत. "मासा आमच्या रक्तात आहे!"

खरं तर वेंगुर्ल्याला मासा त्यांच्या दारात कोळणीच्या पाटीतून येई आणि तिथून थेट आईच्या कालवणात जाई. रेग्यांनी तो कधी स्वतः धरलेला नव्हता. पण सत्याऐंशी साली रेडमंडमध्ये हे कुणाला माहीत असण्याचं कारण नव्हतं.

त्यांचा मॅनेजर हॅरल्ड दर शनिवारी नदीवर मासे धरायला जायचा. त्याच्याबरोबर जाणारे दोघे ज्युनियर वर्षभरात बढती मिळून खिडकीच्या खोलीत जाऊन बसले, हे रेग्यांच्या नजरेतून सुटलं नाही. जूनमध्ये एकदा कॉफी घेताना ते सहज म्हणाले, "माझं सगळं लहानपण गळ टाकण्यात गेलं."

हॅरल्ड खूश झाला. "मग या शनिवारी ये. बायकोलाही आण. स्टीलहेड वर चढतायत." स्टीलहेड म्हणजे समुद्रात वाढून अंडी घालायला आपल्या नदीत परतणारा ट्राउट, हे रेग्यांनी संध्याकाळी लायब्ररीत जाऊन वाचलं.

मग खरेदी झाली. रॉड, रीळ, छातीपर्यंत येणारी रबरी विजार, पिसं खोचलेली टोपी. रॉड हातात धरणाऱ्या प्रत्येकाला लायसन्स लागतं असं हॅरल्डने बजावलं होतं, म्हणून रेग्यांनी प्रतिमाचंही काढलं.

"मी कशाला रॉड धरतेय?" प्रतिमा म्हणाली. ती वर्ध्याची, जन्माची शाकाहारी. रेग्यांची माशांची कढई तिने लग्नानंतर महिन्याभरात गराजमध्ये नेऊन ठेवली होती, एका हॉटप्लेटसकट.

"असू दे गं. सहकुटुंब गेलं की बरं दिसतं."

आणि मासा अजून नदीतच असताना त्यांनी मंडळाच्या चार घरांना रविवारी जेवायला बोलावून टाकलं.

स्कायकोमिश नदी वितळलेल्या बर्फाची. पाणी इतकं नितळ की तळाचे गोटे मोजावेत. हॅरल्ड गुडघाभर पाण्यात मुकाट उभा राहिला. रेग्यांनी रॉड फिरवला. गळ मागच्या झाडात अडकला. दुसऱ्यांदा तो त्यांच्या टोपीत अडकला. ती सोडवता सोडवता त्यांचा पाय घसरला आणि ते नदीत चक्क बसले. रबरी विजारीत पाणी शिरलं की ते बाहेर पडत नाही, हे लायब्ररीतल्या पुस्तकात नव्हतं.

तरी त्यांनी नेट सोडला नाही. हॅरल्डच्या जवळ सरकत म्हणाले, "हॅरल्ड, पुढच्या रिलीजच्या शेड्यूलबद्दल मला असं वाटतं..."

"गुरू," हॅरल्ड हळूच म्हणाला, "माशांना ऐकू येतं."

दुपारी रेगे मोजे पिळत खडकावर बसले आणि थालीपिठाचा डबा उघडला. नुकताच पाण्यात टाकलेला गळ तसाच होता. "जरा धर गं," म्हणून रॉड त्यांनी प्रतिमाच्या हातात दिला.

दोरी सैल दिसली म्हणून प्रतिमाने रीळ गुंडाळायला घेतलं. एकदम रॉड वाकला.

"अहो, कुणीतरी ओढतंय!"

"दगड असेल," तोंडातला घास न गिळता रेगे म्हणाले.

दगडाने पाण्याबाहेर हातभर उडी मारली. उन्हात चांदीसारखा लखलखला आणि खाली प्रवाहात सुसाट सुटला. सकाळपासून गप्प असलेला हॅरल्ड ओरडायला लागला, "पळू दे त्याला! थांबला की मग गुंडाळ!" प्रतिमा कॅनव्हासच्या बुटांनिशी पाण्यात शिरली. मासा पळाला की ती सोडायची, थांबला की ओढायची. कुणी शिकवल्यासारखी. रेगे एका हातात थालीपीठ घेऊन काठावरून "रॉड वर! रॉड खाली!" अशा दोन्ही सूचना देत होते.

शेवटी हॅरल्डने जाळं खाली घातलं. त्याने माशाच्या पाठीवर शेपटीजवळचं एक बारकं पर बोटाने चाचपलं. "अख्खं आहे. म्हणजे हा नदीतच जन्मलेला. सरकारी तळ्यात वाढवलेल्यांचं हे पर कापलेलं असतं, ते नेता येतात. याला सोडायचं."

"सोडायचं?" रेगे उभे राहिले. "म्हणजे परत पाण्यात?"

"नियम आहे."

"अगं, मी लोकांना जेवायला बोलावलंय!" हे ते मराठीत म्हणाले.

प्रतिमाने ऐकलं नसावं. हॅरल्डने दाखवलं तसं तिने माशाचं तोंड प्रवाहाकडे करून त्याला दोन्ही हातांनी पाण्याखाली धरलं होतं. शेपटीत जोर आला, एक हिसका बसला आणि हात रिकामे झाले. ती बराच वेळ तशीच वाकून पाण्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "मला आणखी एक धरायचाय."

रविवारी रेग्यांनी दुकानातून सामन आणून तिरफळं घालून कालवण केलं. पाहुणे बोटं चाटत होते. मंडळाच्या अध्यक्ष डॉक्टर वसुधाताईंनी विचारलं, "कुणी धरला हो?"

रेगे विनयाने हसण्याच्या तयारीत होते. प्रतिमा दहीभात कालवत म्हणाली, "धरला मी. पण तो सोडला. हा दुकानातला आहे."

त्यानंतर ती दर शनिवारी जायला लागली. धरायची आणि सोडायची. मंडळात चर्चा सुरू झाली की हे शाकाहारात बसतं का. दोन तास वाद झाला, एक उपसमिती नेमली गेली, आणि उपसमितीने जिलबी खाऊन निर्णय पुढे ढकलला. वसुधाताईंनी विचारलं, "अगं, पण माशाला दुखतं ना?"

"दुखत असणार," प्रतिमा म्हणाली. "मलाही तेवढंच वाईट वाटतं. तरी जावंसं वाटतं."

जुलैअखेर प्रमोशन जाहीर झालं. ते मिळालेला माणूस मासे धरत नव्हता, खातही नव्हता. तो काम करत होता. शुक्रवारी संध्याकाळी हॅरल्डचा फोन मात्र नेमाने यायचा, "गुरू, प्रतिमा आहे का?"

ऑगस्टमध्ये प्रतिमाने एक मोठा स्टीलहेड काठाशी आणला. हॅरल्डने पाठ चाचपली. पर कापलेलं होतं. "हा घरी नेता येईल," म्हणत त्याने पिशवीतून लाकडी दांडका काढला.

प्रतिमाने रेग्यांकडे पाहिलं. "तुम्हाला खायचाय ना? मग तुम्ही मारा. मला नाही जमायचं."

रेग्यांनी दांडका घेतला. जाळ्यात मासा कल्ले उघडत होता, मिटत होता. त्यांची माशाशी ओळख नेहमी या क्षणानंतर, मीठ-हळद लावायच्या वेळी होत असे. त्यांनी हात उचलला. खाली आणला. पुन्हा उचलला.

"हॅरल्ड, तू जरा..."

"ज्याला खायचा त्याने मारायचा," हॅरल्ड म्हणाला.

रेग्यांनी दांडका खडकावर ठेवला. "लहान आहे," ते म्हणाले. मासा त्यांच्या हाताएवढा लांब होता. हॅरल्डने दांडका उचलून पिशवीत टाकला. प्रतिमाने जाळं खाली केलं.

परतताना रेगे गाडी चालवत होते. नदी रस्त्याच्या कडेने चालली होती. "सोमवारी ऑफिसात काय सांगायचं मी?" ते म्हणाले.

"थांबा, थांबा," प्रतिमा खिडकीची काच खाली करत म्हणाली. "त्या वळणावर पाणी किती छान आहे बघा. गाडी घ्या बाजूला."

रेग्यांनी गाडी बाजूला घेतली आणि डिकी उघडून दिली.