पांढऱ्या शेवंतीची सावली

मी ब्रश आहे. दात घासायचा नव्हे आणि भिंती रंगवायचाही नव्हे. चित्रांचा, बारीक टोकाचा. माझी मालकीण चित्रकार. घरात सगळे तिला आई म्हणतात, म्हणून मीही आईच म्हणतो.

दुकानात पुष्कळांनी मला उचललं आणि परत ठेवलं. आईने माझं टोक सरळ जिभेवर ओलं करून पाहिलं. दुकानदाराने डोळे वटारले, तेव्हा “आता घ्यावाच लागेल” म्हणत ती मला घरी घेऊन आली.

जेवणाचं टेबल पुसलं की तीच आमची चित्रांची खोली. आई फक्त फुलंच काढायची. मुलं लहान होती तेव्हा दूध तापेपर्यंत जेमतेम एक पाकळी व्हायची. मध्येच कुणीतरी गुडघा फोडून रडत यायचं आणि मी तसाच रंगात वाळायचो. ती म्हणायची, फूल दोन दिवसांत मान टाकतं, मुलंही बघता बघता मोठी होतात; बघायचं ते तेव्हाच बघून घ्यावं. बाबांनी, म्हणजे तिच्या नवऱ्याने, एकदा मला चमचा समजून चहा ढवळला. घोट घेऊन ते एवढंच म्हणाले, की आज चहा जरा वेगळा लागतोय. तक्रार करणं त्यांच्या स्वभावातच नाही.

मुलं आपापल्या घरी गेली, आईला वेळ मिळू लागला आणि नेमकं तेव्हाच बिनसलं. समोर पांढरी शेवंती होती. पाकळीवर फिकी निळी सावली टाकायची, की झालं. पण आईला ती टाकलेली सावली दिसेचना. ती मला पुन्हा पुन्हा निळ्यात बुडवू लागली. शेवटी शेवंती मुका मार बसल्यासारखी काळीनिळी झाली. दुसरं चित्र तसंच, तिसरंही तसंच. मला कळत होतं, पण मी सांगणार कसा?

रविवारी लेक आली. चित्रं बघून छान आहेत म्हणाली, पण म्हणताना अडखळली. आईने ते ओळखलं. तिने आम्हा सगळ्या ब्रशांना धुतलं, पुसलं, जुन्या रुमालात गुंडाळलं आणि लेकीपुढे ठेवलं. “तुझ्या शेजारणीला दे. माझा हात गेला.”

लेकीने रुमाल परत आईकडे सरकवला. बाबाच बोलले. “हात नाही गेला. डोळे दाखव एकदा.”

“डोळ्यांना काय झालंय?”

“किती दिवस झाले, तू मला एक काळा आणि एक निळा मोजा जोडून देतेस.”

“मग बोलला नाहीत ते?”

“म्हटलं, तुला वाईट वाटेल.”

त्यांनी दोन्ही पाय पुढे केले. लेकीला हसू फुटलं. आई मात्र हसली नाही. ती वाकून बराच वेळ बघत राहिली. तिला दोन्ही सारखेच दिसत होते. मग तिने रुमाल उचलला आणि खणात ठेवला.

खणात मला टेबलावरचं सगळं बोलणं ऐकू यायचं. मोतीबिंदू निघाला. आधी एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग दुसऱ्याचं. हाताला काही झालेलं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितल्यावर आई तिथेच रडली म्हणे.

एका सकाळी खण उघडला. आई आधी टेबलाकडे बघून म्हणाली, की एवढे डाग पडलेत आणि मला कुणी सांगितलं नाही. मग तिने बाबांकडे पाहिलं.

“तुमचे केस एवढे पांढरे कधी झाले?”

“झाले हळूहळू,” बाबा म्हणाले आणि पेपर वाचू लागले.

आईने शेवंती समोर ठेवली. मला भरपूर पाण्यात आणि अगदी नावापुरतं निळ्यात बुडवलं, पाकळीच्या कडेने एकदाच फिरवलं आणि हात थांबवला. “पुरे,” ती म्हणाली. माझा जीव भांड्यात पडला.

आता मी म्हातारा झालोय, केस गळतात. आईच्या एखाद्या फुलावर बारीकसा केस चिकटलेला दिसला, तर तो नखाने खरवडू नका. तो माझा आहे.